त्रानीचं कॅथेड्रल खालून वर पाहावं

इटलीच्या पुलिया प्रांतात, एड्रियाटिक समुद्राला खेटून त्रानीचं रोमनेस्क कॅथेड्रल उभं आहे. छायाचित्रांत नजरेत भरते ती त्याची उंची; पण ती समजायची तर सुरुवात तळघरापासून करावी. सर्वांत खाली, समुद्रपातळीच्याही खाली, संत लेउचोचं भुयार आहे. त्यावर सांता मारियाचं जुनं चर्च, आणि १०९९ साली सुरू झालेलं मुख्य चर्च त्याच्याही डोक्यावर. म्हणूनच दारापाशी पोचायला जिना चढावा लागतो. हा खटाटोप कशासाठी? एका नव्या संतासाठी. १०९४ साली निकोला नावाचा तरुण ग्रीक यात्रेकरू इथे वारला आणि लवकरच संतपदाला पोचला. शेजारच्या बारीत १०८७ मध्येच दुसऱ्या, जगप्रसिद्ध निकोलसच्या अस्थी आल्या होत्या. त्रानीने जुनं न पाडता त्यावर रचलं, यात मला तरी भक्तीइतकीच शेजारच्या शहराशी ईर्ष्या दिसते.

आत काहीच नाही, नुसते दगड, अशी तक्रार होऊ शकते. पण नंतरच्या काळातला गिलावा जीर्णोद्धारात काढला, म्हणून तर जोडखांबांची रांग आणि स्थानिक फिकट गुलाबी दगड उघडे दिसतात. बारिसानो या कारागिराने बाराव्या शतकात घडवलेलं कांस्यद्वारही आतच जपलं आहे. बाहेर आहे ती प्रतिकृती. घंटाघर १९५० च्या दशकात उतरवून पुन्हा रचलं, मग ते खरं कसं, हा आक्षेप अधिक वजनदार. मात्र डळमळीत मनोरा पडू देण्यापेक्षा तेच दगड पुन्हा बसवणं मला योग्य वाटतं. थरावर थर चढवणाऱ्या या वास्तूच्या स्वभावाला ते धरूनच आहे.