सर्पदंशाचा उपचार : शिवारापासून आरोग्य केंद्रापर्यंत

मृगाच्या सरी कोसळू लागल्या की शिवारातील कामांना वेग येतो. पेरणी, भातलावणी, निंदणी यांसाठी शेतकरी आणि शेतमजूर दिवसभर गवतात, चिखलात वावरत असतात, आणि बिळांत पाणी शिरल्यामुळे सापही याच दिवसांत बाहेर पडलेले असतात. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख, म्हणजे दरवर्षी सरासरी ५८ हजार माणसे दगावली, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडण्यात आला. दगावणारे बहुतांशी ग्रामीण भागातील, कष्टकरी कुटुंबांतील असतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये सर्पदंशाचा समावेश उपेक्षित उष्णकटिबंधीय आजारांत केला, त्यामागे हेच वास्तव होते.

वास्तविक या विषावर औषध नाही असे नाही. विषाचा प्रतिकार करणारी लस गेल्या शतकाच्याही आधीपासून, म्हणजे १८९० च्या दशकात फ्रेंच शास्त्रज्ञ आल्बेर काल्मेत यांनी केलेल्या प्रयोगांपासून ज्ञात आहे. घोड्याला विषाची अल्प मात्रा वाढत्या प्रमाणात टोचली जाते. त्याच्या रक्तात तयार होणारी प्रतिद्रव्ये शुद्ध करून त्यांपासून लस सिद्ध होते. महाराष्ट्रात हे कार्य मुंबईच्या हाफकिन संस्थेने अनेक दशके केले आहे. भारतातील लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालते. त्यामुळे दंश करणारा साप शोधून, मारून रुग्णालयात नेण्याची काहीही आवश्यकता नसते. सापाच्या मागे धावण्यात मोलाचा वेळ जातो आणि प्रसंगी दुसऱ्या माणसालाही दंश होतो.

चारही सापांच्या विषाची रीत मात्र एकसारखी नाही. घोणस आणि फुरसे यांच्या विषाने रक्ताची गोठण्याची शक्ती नाहीशी होते. हिरड्यांतून, लघवीवाटे रक्त जाऊ लागते. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडेही निकामी होऊ शकतात. नाग आणि मण्यार यांचे विष मज्जातंतूंवर आघात करते. यांपैकी मण्यार अधिक फसवी. ती रात्री घरात शिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला दंश करते, आणि अनेकदा वेदना किंवा खूणही जाणवत नाही. पहाटे पोटात दुखू लागते, उलटी होते. घरची माणसे अपचन समजून ओवा देतात. पुढे पापण्या जड होऊन मिटू लागतात, घोट गिळता येत नाही आणि अखेर श्वास थांबतो. पावसाळ्यात सकाळी उठल्यावर कोणाच्या पापण्या उघडेनाशा झाल्या तर सर्पदंशाची शंका प्रथम घ्यावयास हवी. खाटेवर, मच्छरदाणीच्या कडा अंथरुणाखाली नीट खोवून झोपल्यास हा धोका पुष्कळच टळतो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात करावयाची एक तपासणी अत्यंत सोपी आहे. रुग्णाचे दोन-तीन मिलिलिटर ताजे रक्त स्वच्छ, कोरड्या काचनळीत घेऊन ती नळी २० मिनिटे न हलविता ठेवावयाची आणि नंतर तिरपी करून पाहावयाची. रक्त पातळच राहिले तर विष रक्तात भिनले आहे, हे जवळजवळ निश्चित. यासाठी ना यंत्र लागते, ना वीज. विषाची लक्षणे दिसताच लसीच्या साधारणतः दहा कुप्या शिरेतून दिल्या जातात. बालकालाही मात्रा प्रौढाइतकीच द्यावी लागते, कारण सापाने सोडलेले विष माणसाचे वय पाहून कमी होत नाही. लसीची तीव्र प्रतिक्रिया उमटण्याची भीती असते. म्हणून अॅड्रिनॅलिनचे इंजेक्शन जवळ भरून ठेवतात. या भीतीपोटी काही ठिकाणी पहिली मात्राही न देता रुग्णाला मोठ्या रुग्णालयाकडे पाठविले जाते. ही सावधगिरी रुग्णाला फार महाग पडते.

तरीही खरा विलंब होतो तो केंद्राच्या दारापर्यंत पोहोचण्याआधीच. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार सर्पदंशाने मरण पावलेल्यांपैकी सुमारे तीन-चतुर्थांश व्यक्तींचा मृत्यू रुग्णालयाबाहेर झाला होता. मांत्रिकाकडे किंवा भगताकडे जाण्याची रूढी याला पुष्कळ अंशी कारणीभूत आहे. पण तिला केवळ अंधश्रद्धा म्हणून भागत नाही. बहुसंख्य साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही प्रत्येक दंशात विष सोडतोच असे नाही. असे रुग्ण मंत्राविनाही बरेच होतात, श्रेय मात्र मंत्राला मिळते. शिक्षकांनी ही गोष्ट वर्गात उलगडून सांगितली, तर तिचा परिणाम उपहासापेक्षा अधिक होईल. दंशाच्या जागी चिरा देणे, विष चोखणे, घट्ट आवळपट्टी बांधणे हे सर्व प्रकार अपायकारक आहेत. रुग्णाला धीर द्यावा, अंगठी व बांगड्या काढाव्यात, दंश झालेला अवयव फळीच्या आधाराने स्थिर ठेवावा आणि त्याला चालू न देता थेट केंद्रात न्यावे.

नेण्याची व्यवस्था गाव स्वतः करू शकते. नेपाळच्या तराई भागात गावोगावी मोटारसायकलस्वार स्वयंसेवक नेमण्यात आले आणि लोकशिक्षणाची जोड देण्यात आली. तेथे सर्पदंश झालेल्यांतील मृत्यूचे प्रमाण १०.५ टक्क्यांवरून ०.५ टक्क्यावर आल्याचे २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात नमूद आहे. औषध तेच होते. बदलला तो प्रवास. आपल्याकडे १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका आहे. परंतु वाडी-पाड्यावर ती पोहोचेपर्यंत रुग्णाला सडकेपर्यंत कोण आणील, हे पावसाळ्यापूर्वीच ठरविलेले बरे. जवळच्या केंद्रात लस शिल्लक आहे किंवा नाही, ही चौकशीही ग्रामपंचायतीच्या सभेतच व्हावयास हवी.

सर्पदंशाने होणारे मृत्यू २०३० पर्यंत निम्म्यावर आणण्यासाठी केंद्र शासनाने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर केला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सर्पदंशाची नोंद सक्तीची करावी, असे राज्यांना कळविण्यात आले. घरी झालेला मृत्यू कागदावर येत नाही, तोवर लशीची मागणीही खऱ्या गरजेप्रमाणे नोंदली जात नाही.

संशोधनही थांबलेले नाही. लशीसाठी लागणारे विष प्रामुख्याने तामिळनाडूतील इरुला समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलत असल्याने अन्यत्र लशीचा गुण कमी पडू शकतो. यावर उपाय म्हणून घोड्याविना, प्रयोगशाळेत घडविलेल्या प्रतिद्रव्यांवर बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील व अमेरिकेतील शास्त्रज्ञांनी २०२४ मध्ये संयुक्त संशोधन प्रसिद्ध केले. त्याची चाचणी अद्याप उंदरांवरच झाली आहे. व्हॅरेस्प्लॅडिब नावाचे तोंडाने घ्यावयाचे औषध मात्र भारत व अमेरिकेतील रुग्णांना देऊन पाहण्यात आले. चाचणीचे मुख्य उद्दिष्ट साधले नाही. परंतु दंशानंतर लवकर औषध मिळालेल्या रुग्णांत काहीसा गुण दिसून आला.