एका वृक्षाची भरपाई साठ रोपे करू शकतात का?

बोरिवलीहून कान्हेरीला जाताना आपण राष्ट्रीय उद्यानातून जातो. लेणी सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची आहेत, हे आपण अभिमानाने सांगतो. पण वाटेवरच्या झाडांचे वय आपण कधी विचारतो का?

जगातील जंगलांचे वय कमी होत चालले आहे. २०२० साली 'सायन्स' नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार, १४० वर्षांपेक्षा कमी वयाच्या जंगलांचा वाटा १९०० मध्ये ११.३ टक्के होता, तो २०१५ मध्ये ३३.६ टक्के झाला. तोड, वणवे, दुष्काळ आणि किडींमुळे जुने वृक्ष जातात, त्यांच्या जागी रोपे येतात. हिरवळ दिसते, पण जुन्या खोडात अनेक दशकांचा कार्बन साठलेला असतो, ढोलीत घुबडे आणि पोपट राहतात. रोपाला ढोली नसते.

आपल्या उपनगरातही हेच घडले. ऑक्टोबर २०१९ मध्ये आरे येथे मेट्रो कारशेडसाठी रात्रीतून तोड सुरू झाली. ७ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडे पडली होती. त्यांच्या बदल्यात किती रोपे लावली, हा हिशेब तेव्हा पुढे करण्यात आला.

महाराष्ट्राच्या वृक्ष संरक्षण कायद्यात २०२१ साली दुरुस्ती झाली. आता ५० वर्षे किंवा त्याहून जुने झाड 'हेरिटेज वृक्ष' ठरते आणि तोडलेल्या झाडाचे जितके वय, तितकी रोपे लावावी लागतात. कायद्याने वयाची दखल घेतली, हे चांगलेच झाले. तरीही साठ रोपे म्हणजे साठ वर्षांचा एक वृक्ष नव्हे. ती साठ वर्षे जगली, तरच हिशेब पूर्ण होईल.

विनयात भिक्खूंना सजीव वनस्पती नष्ट करण्यास मनाई आहे. वर्षावासाच्या नियमामागेही पावसाळ्यात कोवळे अंकुर पायदळी तुडवले जाऊ नयेत, हे एक कारण होते. म्हणजे अंकुरही जपायचा आणि वृक्षही.

म्हणून तरुण मित्रांनो, वृक्षारोपणाचे फोटो काढून आपले काम संपत नाही. आपल्या वस्तीतील, विहाराच्या अंगणातील जुन्या झाडांची यादी करूया. छातीच्या उंचीवर बुंध्याचा घेर मोजूया, फोटोसह नोंद ठेवूया. उद्या झाडावर तोडीची नोटीस लागली, तर त्यात वय कमी दाखवले आहे का, हे तपासून मुदतीत लेखी हरकत घेता येईल. रोप आज लावता येते, पण गेलेले वय परत लावता येत नाही.