कढीपत्त्यावरचे पाहुणे

कुंडीतल्या कढीपत्त्यावर अळ्या दिसल्या, तशी मी औषध फवारायला निघाले. लेकीने हातच धरला. ‘आई थांब, आधी हे बघ!’ तिच्या फुलपाखरांच्या चित्रमय पुस्तकात तीच अळी होती. लहान असताना ती पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, म्हणून पक्ष्यांपासून वाचते. मोठी झाली की पानासारखी हिरवी. मग कोष आणि त्यातून काळं, पांढऱ्या ठिपक्यांचं ‘कॉमन मॉर्मन’!

इतकी वर्षं फोडणीला हीच पानं तोडतेय, पण मला हे ठाऊकच नव्हतं. कोष उघडला तेव्हा सासूबाईसुद्धा पोळ्या सोडून बघायला आल्या.

मैत्रिणींनो, मुलांना परीकथा तर आपण आणतोच. पुढच्या वाढदिवसाला असं एखादं पुस्तकही आणा. आणि हो, आधी आपण वाचा!