सुट्या भागांचे क्रमांकन
अनेक यंत्रांत समाईक असणाऱ्या सुट्या भागास एकच क्रमांक देतात. त्यात यंत्राचे नाव गुंफल्यास भाग दुसऱ्या यंत्रात जाताच ते फसवे ठरते. आरेखनातील किरकोळ दुरुस्ती आवृत्तिदर्शक अक्षराने नोंदवितात. मात्र जुना व नवा भाग परस्परांच्या जागी बिनधोक चालत नसतील, तर क्रमांकच बदलावा लागतो. जनरल मोटर्सच्या काही मोटारींतील प्रज्वलन स्विच सैल असल्याने चालत्या गाडीत फिरून एंजिन बंद पडे व अपघातात हवापिशव्या फुगत नसत. २००६ मध्ये स्विचमधील सुधारणा मंजूर झाली, पण क्रमांक तोच राहिला. त्यामुळे कारण शोधणाऱ्या अभियंत्यांची वर्षानुवर्षे दिशाभूल झाली. मोटारी परत मागविल्या गेल्या त्या २०१४ मध्ये. भरपाई निधीने १२४ मृत्यूंचे दावे मान्य केले.