पदवी गेली, नाव उरले

*गाझियाबाद हे शहर एखाद्या माणसाच्या नावाने ओळखले जात नाही, ते ओळखले जाते एका पदवीच्या नावाने. दिल्लीच्या बादशहाचे किताब, इंग्लंडचे ड्यूक आणि आपल्या मराठी घरांतील आडनावे यांचे धागे या गावात कसे एकत्र येतात, त्याची ही कहाणी.*

दिल्लीहून मेरठ-हरिद्वारकडे निघालेली गाडी यमुना ओलांडते आणि थोड्याच वेळात पिवळ्या पाटीवर 'गाझियाबाद' ही काळी अक्षरे दिसू लागतात. खिडकीतून कुणी चहावाल्याला हाक मारतो, कुणी सामान आवरू लागतो. हे नाव कोणाचे, असा प्रश्न सहसा कुणाला पडत नाही. पडलाच तर उत्तर तयार असते: 'गाझीउद्दीन नावाचा वझीर होता, त्याने १७४० साली हे गाव वसवले.'

उत्तर खोटे नाही, पण अर्धेच आहे. कारण 'गाझीउद्दीन' हे कुणाचे पाळण्यातले नाव नव्हते. ती बादशहाने दिलेली पदवी होती. अर्थ, धर्मासाठी लढणारा वीर. आणि ही पदवी एकाच घराण्यातील तिघांनी मिरवली!

एक पदवी, तीन माणसे

पहिला गाझीउद्दीन म्हणजे औरंगजेबाचा सरदार शहाबुद्दीन. मराठी वाचकांना तो अनोळखी नाही. नाशिकजवळच्या रामसेज किल्ल्याला वेढा घालून ज्याला हात हलवत परतावे लागले, तोच हा. पुढे साथीच्या रोगात त्याची दृष्टी गेली, पण मानमरातब टिकला. १७१० साली तो वारला. दिल्लीच्या अजमेरी दरवाजाबाहेर त्याची कबर आणि त्याच्या नावाचा मदरसा अजूनही उभा आहे.

त्याचा मुलगा म्हणजे हैदराबादच्या गादीचा संस्थापक निजामउल्मुल्क आसफजाह. दुसरा गाझीउद्दीन हा या निजामाचा थोरला मुलगा. बापामागे दख्खनची सुभेदारी मिळवायला तो मराठ्यांच्या पाठिंब्याने औरंगाबादेत आला आणि १७५२च्या ऑक्टोबरात तिथेच अचानक मरण पावला. त्याला विष दिले गेले, असे त्या वेळी सर्वत्र बोलले गेले.

तिसरा त्याचा मुलगा. इतिहासात तो इमादउल्मुल्क या दुसऱ्या पदवीने प्रसिद्ध आहे. वझीर झाला तो हाच. पण गंमत पाहा, त्याचा जन्म १७३६चा. गाव वसले तेव्हा वझीरसाहेब जेमतेम चार वर्षांचे होते! तेव्हा गाव वसवण्याचे श्रेय त्याच्या बापाकडे जाते, असे मानणेच अधिक सयुक्तिक. पदवी एकच असल्यामुळे बापाचे काम लेकाच्या नावावर जमा झाले, एवढेच.

गावाचे मूळ नाव गाझीउद्दीननगर. एकशेवीस खोल्यांची मोठी सराई आणि तटाला चार दरवाजे असे त्याचे रूप होते. डासना गेट, सिहानी गेट, दिल्ली गेट ही नावे आजही तिथल्या लोकांच्या तोंडी आहेत. १८६०च्या दशकात रेल्वे आली, लांबलचक नाव गैरसोयीचे वाटू लागले आणि गाझीउद्दीननगरचे गाझियाबाद झाले.

'राज्याचा आधारस्तंभ'

इमादउल्मुल्क म्हणजे राज्याचा आधारस्तंभ. या आधारस्तंभाने काय केले?

१७५४ साली त्याने मराठ्यांची मदत घेतली. गाझियाबादच्या पुढे, बुलंदशहराच्या वाटेवर सिकंदराबाद आहे. तिथे बादशहा अहमदशहाच्या छावणीवर मल्हारराव होळकरांची फौज चालून गेली आणि बादशहाला जनानखाना मागे टाकून पळावे लागले. इमाद वझीर झाला. त्याने अहमदशहाला पदच्युत करून त्याचे डोळे काढवले आणि दुसऱ्या आलमगीराला गादीवर बसवले. त्या वेळी त्याचे वय होते अवघे अठरा! १७५७ साली रघुनाथराव दिल्लीत आले तेव्हाही तो मराठ्यांच्याच बाजूला होता.

पाच वर्षांनी स्वतःच गादीवर बसवलेला बादशहाही त्याला नकोसा झाला. कोटला फिरोजशहात एक सिद्ध फकीर आला आहे, अशी थाप मारून आलमगीराला तिथे नेण्यात आले आणि २९ नोव्हेंबर १७५९ रोजी त्याचा खून करण्यात आला. दीड-दोन महिन्यांतच अब्दालीची फौज दिल्लीच्या वेशीशी येऊन ठेपली. पुढच्या वर्षाअखेरच्या पानिपताच्या संकटात मराठ्यांना या मित्राचा काडीइतका उपयोग झाला नाही. तो केव्हाच जाटांच्या आश्रयाला पळाला होता.

ज्या तख्ताने तीन पिढ्या पदव्या दिल्या, त्याच तख्तावर बसलेल्या दोघांचा असा शेवट एका पदवीधराने केला. आणि त्याला हात दिला होता आपल्याच लोकांनी, हे मराठी वाचकाने विसरता कामा नये.

इंग्लंडची रीत निराळी

मोगलांची पदवी माणसाला मिळे, घराण्याला नव्हे. माणूस मेला की पदवी संपली. जहागीरही सरकारजमा होई. मुलाला पदवी हवी तर बादशहाने ती नव्याने द्यायची. त्यामुळे प्रत्येक सरदारपुत्राला दरबारात पुन्हा पहिल्यापासून धडपड करावी लागे.

इंग्लंडमध्ये नेमके उलटे होते. तिथे सरदारकीच्या पाच पायऱ्या आहेत: ड्यूक, मार्क्विस, अर्ल, व्हायकाउंट आणि बॅरन. अर्ल आणि बॅरन जुने. ड्यूक सर्वांत वरचा, पण मागाहून आलेला. १३३७ साली राजा तिसऱ्या एडवर्डने आपल्या थोरल्या मुलाला कॉर्नवॉलचा ड्यूक केले, तो इंग्लंडमधला पहिला ड्यूक. त्या वेळी राजपुत्र होता सहा-सात वर्षांचा! मार्क्विस १३८५ साली आला आणि व्हायकाउंट १४४० साली.

किताब आणि जमीन दोन्ही थोरल्या मुलाकडे जात. वाटणी नाही, म्हणून इस्टेट शतकानुशतके अखंड राहिली. धाकट्यांच्या वाट्याला मात्र फारसे काही येत नसे. त्यांनी लष्करात जावे, पाद्री व्हावे किंवा हिंदुस्थानची वाट धरावी.

किताब नेहमीच पराक्रमाने मिळत, असेही नाही. राजा पहिल्या जेम्सने १६११ साली बॅरोनेट ही नवी पायरी काढली आणि १,०९५ पौंडांना एक या दराने ती विकली. विसाव्या शतकात पंतप्रधान लॉइड जॉर्ज यांच्या काळी किताबविक्रीचा एवढा बभ्रा झाला की १९२५ साली तिला बंदी करणारा कायदा करावा लागला.

हिंडनकाठची लढाई

या इंग्रजी किताबांचा गाझियाबादशी काय संबंध? आहे, आणि तो मराठ्यांमुळेच आहे.

यमुना आणि हिंडन या नद्यांमधल्या पट्ट्यात, पटपडगंजजवळ, ११ सप्टेंबर १८०३ रोजी जनरल लेकने दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा पराभव केला आणि दिल्ली इंग्रजांच्या हाती गेली. बक्षीस म्हणून लेक प्रथम बॅरन आणि मग व्हायकाउंट झाला. किताबात नाव जोडले गेले दिल्ली आणि लासवारीचे. लासवारी ही शिंद्यांच्याच फौजेच्या दुसऱ्या पराभवाची जागा. पण हा किताब फार टिकला नाही. १८४८ साली पुरुष वारस न उरल्याने तो संपला.

पटपडगंजनंतर बाराच दिवसांनी, आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे आर्थर वेलस्लीने शिंदे आणि नागपूरकर भोसल्यांचा पराभव केला. वेलस्ली हा एका अर्लचा धाकटा मुलगा, म्हणजे घरच्या किताबावर हक्क नसलेला. हिंदुस्थानात नाव काढून तो युरोपात परतला आणि १८१४ साली वेलिंग्टनचा ड्यूक झाला. त्याच्या वंशजांकडे ती ड्यूकपदवी अजूनही आहे.

इंग्रजांनी किताबांची ही रीत मुंबईतही आणली. सर जमशेटजी जीजीभॉय १८५७ साली बॅरोनेट झाले. किताबाचा वारस कोणीही असो, त्याने जमशेटजी जीजीभॉय हेच नाव घ्यायचे, असा कायदाही झाला. एकाच नावाखाली पिढ्यान् पिढ्या! गाझीउद्दीनांची आठवण व्हावी असाच हा प्रकार.

आपल्या घरातल्या पदव्या

मराठ्यांनी तिसरीच वाट काढली. 'सेनाखासखेल' ही दाभाड्यांची पदवी पुढे गायकवाडांकडे गेली. 'सेनासाहेबसुभा' नागपूरकर भोसल्यांकडे राहिली. राजाराम महाराजांनी घोरपडे बंधूंना 'ममलकतमदार', 'हिंदुराव', 'अमीरउल्उमराव' असे किताब दिले. पेशवेपद तर बाजीरावांपासून एकाच घराण्यात वंशपरंपरेने चालले.

पण खरी कमाल खालच्या पातळीवर झाली. इंग्लंडात किताब थोरल्याचा, आपल्याकडे वतन सगळ्या भावांचे. त्यामुळे पद घरभर पसरले आणि त्याचे आडनाव झाले. फडणीस, चिटणीस, पोतनीस, सबनीस, सरनाईक, देशमुख, कुलकर्णी, पाटील! राज्ये गेली, वतनेही कायद्याने गेली. नावे मात्र दारावरच्या पाटीवर आणि शाळेच्या हजेरीपटात सुखरूप राहिली. ज्यांच्या दिमतीला बादशाही किताबांची रांग उभी होती, त्या महादजी शिंद्यांनाही 'पाटील' म्हणवून घेणेच आवडे.

कायद्याचा शेवटचा शब्द

२६ जानेवारी १९५० रोजी राज्यघटना अमलात आली. तिच्या १८व्या कलमाने, लष्करी व विद्याविषयक पदव्या सोडून, सरकारने कोणतेही किताब देणे बंद झाले. १९७१ साली २६व्या घटनादुरुस्तीने संस्थानिकांची मान्यता आणि तनखे गेले. पद्म पुरस्कार हे किताब नव्हेत, मात्र ते नावाच्या मागेपुढे लावता येणार नाहीत, असा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिला. इंग्लंडमध्येही १९९९च्या कायद्याने वंशपरंपरेने बसणाऱ्या बहुतेक सरदारांना लॉर्डांच्या सभागृहातून बाहेर जावे लागले. त्या वेळी जागा उरल्या अवघ्या ९२.

आणि तो 'राज्याचा आधारस्तंभ'? वर्षानुवर्षे भटकून अखेर तो पेशव्यांच्याच आश्रयाला आला. बुंदेलखंडात काल्पीजवळ त्याला बावन्न गावांची जहागीर मिळाली. त्या बावन्न गावांवरून बावनी हे संस्थान उभे राहिले आणि १९४८ पर्यंत चालले. इमाद स्वतः १८०० साली काल्पीत मरण पावला. ज्याच्या हाती कधीकाळी दिल्लीचे तख्त होते, त्याला शेवटी मराठ्यांनी दिलेली गावेच पुरली.

आज गाझियाबादच्या फलाटावर रोज हजारो माणसे चढतात, उतरतात. पाटीवरची पदवी कोणत्या गाझीउद्दीनची, हे त्यांना ठाऊक नसते, आणि त्यामुळे त्यांचे काही अडतही नाही. गाव आता त्यांच्या कष्टांवर उभे आहे.