घरचेच झालेले मित्र

बहरीनला आलो की वर्षभरात एखादं जोडपं आपलं घरचंच होऊन जातं. आजारपणात त्यांच्याकडून खिचडीचा डबा येतो, मुलं त्यांच्याकडे झोपतात, गणपतीची आरास चौघं मिळून करतात. सासर-माहेर दोन्ही तेच! मग एखाद्या घरातला नवरा कॉजवेपलीकडे खोबरला नोकरीला असतो, रात्री दमून येतो. एसीवाल्याला बोलावण्यापासून मुलाच्या गणितापर्यंत मित्रच धावून येतो. घडत काहीच नाही. पण शुक्रवारच्या जेवणाला साडी कोणासाठी निवडतोय, हे आपलं आपल्याला कळतं. पुरुषांचंही तेच. मैत्रिणीशी झालेल्या गप्पा घरी सांगायचं टाळलं की ओळखावं.

हे परदेशी राहिल्यामुळे होतं, असं मात्र म्हणू नका. र. धों. कर्वे यांनी १९२७ मध्ये मुंबईत ‘समाजस्वास्थ्य’ सुरू केलं, आणि व्यभिचारावरच्या लेखाबद्दल १९३१ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला होऊन दंडही झाला. १९३४ च्या दुसऱ्या खटल्यात त्यांची बाजू खुद्द डॉ. आंबेडकरांनी मांडली, तरी निकाल विरुद्धच गेला. मासिक मात्र कर्वे जाईपर्यंत, १९५३ पर्यंत चाललं.

भारतात कलम ४९७ सर्वोच्च न्यायालयाने २७ सप्टेंबर २०१८ ला रद्द केलं. नवऱ्याची संमती असेल तर गुन्हाच नाही, असं ते अजब कलम होतं. बायको म्हणजे जणू त्याची मालमत्ता. इथे बहरीनमध्ये व्यभिचार आजही गुन्हा आहे. शिवाय बायको-मुलांचा व्हिसा बहुधा नवऱ्याच्या नोकरीवर. संसार मोडला तर देशही सुटतो, मुलांची शाळाही. म्हणून सगळे गप्प बसतात, आणि कुजबूज तेवढी चालू राहते.

माझ्या मते ओढ वाटणं हा गुन्हा नाही. ती साधी आवड आहे तोवरच घरी बोलावं: ‘त्याच्याशी बोलायला मला बरं वाटतं, कारण तो ऐकून घेतो.’ हे वाक्य जड आहे, बोलणाऱ्यालाही आणि ऐकणाऱ्यालाही. ऐकणाऱ्याने लगेच मित्राचं येणं-जाणं बंद करू नये; तक्रार बहुतेक वेळा मित्राबद्दल नसतेच.

आणि इथेच वाढलेल्या मुलामुलींनो, लहानपणी तुमच्याकडे दर आठवड्याला येणारे एखादे काका-काकू अचानक यायचे थांबले होते का? ‘त्यांच्या मुलांची परीक्षा आहे’ एवढंच तुम्हाला सांगितलं गेलं असेल. आता तुम्हीही संसाराला लागलात. आईबाबांना कधी विचारलंत, काय झालं होतं ते?