सेवाभावी आरोग्यकेंद्रांचे पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन

सेवाभावी आरोग्यकेंद्रांचे पर्यावरणीय प्रभाव मूल्यांकन म्हणजे धर्मादाय दवाखाने, ग्रामीण रुग्णालये, फिरती चिकित्सालये व आरोग्यशिबिरे यांच्या कार्यामुळे परिसरातील पाणी, जमीन, हवा आणि लोकजीवन यांवर होणाऱ्या बऱ्यावाईट परिणामांचा पद्धतशीर अभ्यास होय. संभाव्य हानी आधीच ओळखून ती टाळणे हा त्याचा मुख्य हेतू असतो. महाराष्ट्रातील अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) जिल्ह्यासारख्या अवर्षणप्रवण प्रदेशात या मूल्यांकनाचा केंद्रबिंदू भूजल हा ठरतो.

पार्श्वभूमी

मोठ्या प्रकल्पांचे पर्यावरणीय मूल्यांकन भारतात १९९४ च्या अधिसूचनेने बंधनकारक झाले. तिची जागा १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेने घेतली. या अधिसूचनेनुसार इमारतींच्या बाबतीत पूर्वपरवानगीची अट २०,००० चौरस मीटर किंवा त्याहून अधिक बांधकामापासून लागू होते. वीसपंचवीस खाटांचे सेवाभावी रुग्णालय या मर्यादेच्या कितीतरी खाली राहते. एका दिवसाच्या शिबिराचा तर प्रश्नच येत नाही. जलप्रदूषण प्रतिबंध कायदा, १९७४ आणि जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ हे मात्र लहान केंद्रांनाही लागू आहेत. २०१६ च्या नियमांत लसीकरण, रक्तदान व शस्त्रक्रिया शिबिरांचाही स्पष्ट समावेश आहे.

हेतू सेवेचा असला, तरी परिणाम घातक होऊ शकतो, याचे ठळक उदाहरण हैती या देशाचे आहे. २०१० मध्ये तेथील संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसैनिकांच्या तळावरील मैला आर्तिबोनित नदीच्या उपनदीत मिसळला आणि कॉलऱ्याची साथ पसरली. तीत हजारो लोक मृत्युमुखी पडले. डिसेंबर २०१६ मध्ये संयुक्त राष्ट्रांचे तत्कालीन महासचिव बान की-मून यांनी हैतीच्या जनतेची क्षमा मागितली. हा तळ दवाखाना नव्हता. परंतु बाहेरून मदतीस आलेल्या संस्थेने स्वतःचे सांडपाणी कोठे जाते हे पाहिले पाहिजे, हा धडा आरोग्यकेंद्रांनाही तितकाच लागू पडतो.

भौगोलिक परिस्थिती

अहिल्यानगर हा क्षेत्रफळाने महाराष्ट्रातील सर्वांत मोठा जिल्हा आहे. अकोले तालुक्यातील सह्याद्रीलगतचा भाग सोडल्यास बराचसा जिल्हा पर्जन्यछायेत येतो. भूगर्भात दख्खनच्या पठाराचा बेसाल्ट खडक आहे. या खडकात पाणी सर्वत्र सारखे झिरपत नाही. ते भेगांतून, सांध्यांतून व झिजलेल्या थरांतून वाहते. त्यामुळे एखाद्या खड्ड्यातील दूषित पाणी जवळच्या विहिरीत न उतरता दूरच्या विहिरीत उतरू शकते. केवळ अंतर मोजून सुरक्षिततेचा निष्कर्ष काढणे येथे धोक्याचे असते.

जामखेडचा अनुभव

जिल्ह्याच्या आग्नेय भागातील जामखेड येथे डॉ. रजनीकांत आरोळे व डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने १९७० मध्ये सर्वसमावेशक ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लवकरच १९७२ च्या सुमाराचा भीषण दुष्काळ आला. गावकऱ्यांची पहिली गरज औषधाची नसून अन्नाची व पाण्याची आहे, हे या काळात स्पष्ट झाले. प्रकल्पाने कूपनलिकांच्या कामाला चालना दिली. पुढे गावातील महिला आरोग्यसेविका, शेतकरी मंडळे व महिला मंडळे यांच्या सहभागातून शोषखड्डे, वृक्षलागवड व स्वच्छता ही कामेही आरोग्यसेवेचा भाग बनली. या कार्याबद्दल आरोळे दांपत्याला १९७९ मध्ये रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने या अनुभवाचे महत्त्व असे, की दवाखाना व त्याचा परिसर ही दोन वेगळी खाती नाहीत. ज्या गावात शुद्ध पाण्यामुळे अतिसार कमी होतो, त्याच गावात दवाखान्याच्या कचऱ्याने पाणी दूषित झाले, तर उपचार व आजार यांचे चक्र एकाच आवारात फिरू लागते.

मूल्यांकनाचे घटक

मूल्यांकनात साधारणपणे पुढील बाबी तपासल्या जातात.

पाणी : केंद्राची दैनंदिन गरज, पाण्याचा स्रोत आणि टंचाईच्या महिन्यांत त्या स्रोतावर गावाचा असलेला भार.

सांडपाणी : प्रसूतिगृह, प्रयोगशाळा व धुलाईघर यांतून बाहेर पडणारे पाणी, त्यातील जंतू, जंतुनाशके व औषधांचे अंश.

घनकचरा : जागतिक आरोग्य संघटनेच्या मते आरोग्यसेवेतील सुमारे ८५ टक्के कचरा सर्वसाधारण असतो व उरलेला सुमारे १५ टक्के धोकादायक असतो. दोन्ही एकत्र झाल्यास सर्वच कचरा धोकादायक समजावा लागतो. म्हणून वर्गीकरण कचरा निर्माण होतो तेथेच करावे लागते. रक्ताने माखलेला कापूस व पट्ट्या पिवळ्या पिशवीत, नळ्या व सलाइनच्या बाटल्यांसारखे दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या अभेद्य डब्यात, तर काच निळ्या खुणेच्या खोक्यात जाते. प्रक्रिया न केलेला कचरा ४८ तासांपेक्षा जास्त काळ साठवता येत नाही.

हवा व ऊर्जा : उघड्यावर प्लास्टिक जाळल्याने डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्ये निर्माण होतात. लसींची शीतसाखळी, जनित्राचा डिझेलवापर व वाहनांच्या फेऱ्या यांचाही हिशेब केला जातो.

माणसे : चुकीच्या जागी पडलेल्या सुईचा पहिला धोका सफाई कामगाराला व भंगार वेचणाऱ्याला असतो. रुग्णांची नोंदवही असते. या माणसांची नोंद मात्र बहुधा कोठेच नसते.

खोल पुरणी खड्डा : एक कसोटी

सामायिक प्रक्रिया केंद्राची सोय नसलेल्या दुर्गम व ग्रामीण भागांत पिवळ्या वर्गातील ठरावीक कचरा खोल खड्ड्यात पुरण्याची मुभा नियमांत आहे. असा खड्डा सुमारे दोन मीटर खोल असावा. तो निम्मा कचऱ्याने भरल्यावर वर चुना व नंतर माती टाकावी. तो वस्तीपासून दूर असावा, जवळ उथळ विहीर नसावी, जनावरांना तेथे शिरता येऊ नये आणि भूजलाची पातळी खड्ड्याच्या तळापासून किमान सहा मीटर खाली असावी, अशा अटी आहेत.

याचा अर्थ भूजल जमिनीपासून निदान आठ मीटर खोल हवे. मे महिन्यात, विहिरींनी तळ गाठला असता, ही अट सहज पुरी होते. पावसाळ्यानंतर मात्र त्याच विहिरींचे पाणी बरेच वर आलेले असते व तीच जागा अपात्र ठरू शकते. म्हणून जागेची पाहणी पावसाळा संपताना, साधारणतः सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये करणे आवश्यक आहे. यासाठी खर्चिक उपकरणांची गरज नसते. भोवतालच्या विहिरींची पाणीपातळी दोरीने मोजून नोंदवणे आणि जुन्या जाणत्या शेतकऱ्यांना त्या विहिरींची माहिती विचारणे, यांतूनही पुष्कळ उलगडा होतो. पातळी वर येत असल्यास खड्ड्याचा विचार सोडून कचरा सामायिक केंद्राकडे पाठवण्याची व्यवस्था करावी लागते.

लाभ व मर्यादा

जवळच्या केंद्रामुळे रुग्णांचा दूरचा प्रवास वाचतो, लसीकरण वाढते व आजार लवकर ओळखले जातात. मूल्यांकनात हे लाभही नोंदवले जातात. मात्र लाभ व हानी यांची साधी वजाबाकी करता येत नाही. कारण लाभ रुग्णाला मिळतो आणि हानी पुष्कळदा विहिरीचे पाणी पिणाऱ्या शेजाऱ्याच्या वाट्याला येते.

लहान संस्थांकडे पैसा व तज्ज्ञ मनुष्यबळ अपुरे असते. विस्तृत अहवाल तयार करणे त्यांना परवडत नाही. अशा ठिकाणी वर्षातून दोनदा पाण्याची तपासणी, कचऱ्याची दैनंदिन नोंद, सुईटोचणीच्या घटनांची वही आणि ग्रामसभेपुढे या नोंदींचे वाचन एवढी चौकट उपयुक्त ठरते. शिबिर भरवताना निर्माण होणारा कचरा कोण, केव्हा व कोठे नेणार, हे शिबिराची तारीख ठरवतानाच निश्चित करणे आवश्यक असते.

हे सुद्धा पहा

जैववैद्यकीय कचरा
भूजल
जामखेड
प्राथमिक आरोग्य केंद्र